स्वार होऊन चालवायचा लीफ ब्लोअर: वारा, उष्णता आणि देखभाल

फेब्रुवारी सरता सरता नागपुरात सागवानाची पाने गळू लागतात आणि मार्चमध्ये सेमिनरी हिल्सच्या रस्त्यांवरून चालताना पायांखाली पापड मोडल्यासारखा आवाज येतो. सागाचे एक पान सहज फूट-दीड फूट लांबीचे असते, वाळल्यावर ते पत्रावळीसारखे ताठ होते आणि वाऱ्याने सरकत जाऊन जिथे अडेल तिथे चिकटून बसते. त्यात वड, पिंपळ, शिरीष आणि कडुनिंब यांची भर पडली की महाविद्यालयांची आवारे, क्रीडांगणे, सिव्हिल लाइन्समधील जुन्या बंगल्यांचे परिसर आणि हिंगणा-बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींमधील रस्ते दोन-तीन दिवसांत पाचोळ्याखाली जातात. एवढे मोठे आवार खराट्याने झाडायचे तर माणसे पुरत नाहीत, आणि हवेच्या झोताने पाने उडवणारा पाठीवरचा ब्लोअर घेऊन फिरणारा माणूस तासाभरात थकतो. त्यापुढची पायरी म्हणजे चालक ज्यावर बसतो किंवा मागच्या फळीवर उभा राहतो असे, स्वतःच्या चाकांवर फिरणारे व्यावसायिक ब्लोअर यंत्र.

शहराच्या पश्चिमेकडील एका मोठ्या आवारातील बागकामाच्या यंत्रांची देखभाल मी काही वर्षे पाहिली. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की या यंत्राचा सर्वांत मोठा धोका त्याच्या दिसण्यात आहे. गवत कापण्याच्या यंत्राला पाते असते, त्यामुळे माणूस आपोआप लांब राहतो. ब्लोअरमधून मात्र फक्त हवा बाहेर पडते, आणि हवा दिसत नसल्यामुळे लोक त्याला इंजिन लावलेला मोठा झाडू समजतात. प्रत्यक्षात ते एक जोरदार पंखा वाहून नेणारे, चालकासह अर्ध्या टनाच्या घरात जाणारे वाहन आहे, आणि त्याच्याबाबतची जवळजवळ प्रत्येक खबरदारी हवा आत कुठून येते आणि बाहेर कुठे जाते या दोन प्रश्नांपाशी येऊन थांबते.

आतले चक्र

यंत्राच्या पुढच्या भागातील गोल पेटीत पात्यांचे एक चक्र असते, त्याला इंपेलर म्हणतात. ते फिरू लागले की मधल्या भागातून हवा आत ओढली जाते, पात्यांबरोबर गरगरत परिघाकडे फेकली जाते आणि पेटीच्या कडेला असलेल्या तोंडातून एका झोतात बाहेर पडते. ज्या बाजूने हवा आत जाते तिथे लोखंडी जाळी बसवलेली असते. झोताची दिशा डावीकडे, उजवीकडे किंवा पुढे वळवण्यासाठी तोंडावर एक झडप असते आणि ती चालकाला उभ्या जागेवरून हलवता येते.

यातील वेगांची कल्पना यावी म्हणून थोडे गणित करून पाहू. मोठ्या यंत्रांची पेट्रोल इंजिने साधारणपणे मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास चालतात. चक्राचा व्यास ४५ सेंमी धरला आणि ते इंजिनाच्याच वेगाने फिरत असेल, तर पात्याचे टोक सेकंदाला सुमारे ८५ मीटर, म्हणजे ताशी ३०० किमीहून अधिक वेगाने फिरत असते. झोताचा वेग सेकंदाला ७० मीटर असेल आणि दर सेकंदाला ४ किलो हवा बाहेर फेकली जात असेल, तर त्या झोताची उलट प्रतिक्रिया म्हणून यंत्रावर सुमारे २८ किलो वजनाइतका रेटा विरुद्ध दिशेने बसतो. सपाट, कोरड्या सिमेंटच्या रस्त्यावर हा रेटा चालकाला जाणवतही नाही. उतारावर किंवा ओल्या गवतावर मात्र तोच रेटा बाजूने ढकलणाऱ्या माणसासारखा काम करतो, आणि झोत एका बाजूने दुसऱ्या बाजूला झटकन वळवला की त्याची दिशाही तितक्याच झटकन बदलते. म्हणून उतारावर असताना झोताची दिशा बदलायची असेल, तर आधी इंजिनाचा वेग ठरवणारा थ्रॉटल खाली आणावा.

झोताच्या वाटेत आलेला खडा हा दुसरा प्रश्न. पाच ग्रॅमचा खडा सेकंदाला ४० मीटर वेगाने सुटला, तर त्यात ४ ज्यूल ऊर्जा असते. चारशे ग्रॅमचा दगड कमरेच्या उंचीवरून पडल्यावर जेवढी ऊर्जा घेऊन येतो, जवळजवळ तेवढीच. फरक इतकाच की इथे ती सगळी ऊर्जा हरभऱ्याएवढ्या टोकावर एकवटलेली असते आणि ते टोक डोळ्यावर, गाडीच्या काचेवर किंवा वर्गाच्या खिडकीवर आदळू शकते. नागपुरात रस्त्यांची आणि इमारतींची कामे चालू नाहीत असा भाग शोधावा लागेल, त्यामुळे पाचोळ्याखाली बारीक गिट्टी, खिळे आणि तारांचे तुकडे असणारच हे गृहीत धरावे.

सुरू करण्यापूर्वीची फेरी

यंत्र सुरू करण्याआधी चालकाने ज्या भागात काम करायचे आहे तो भाग पायी फिरून पाहावा. या फेरीसाठी दहा मिनिटे लागतात आणि सर्वांत जास्त टाळाटाळ तिचीच होते. गिट्टीचा ढीग, उघडे चेंबर, गवतात लपलेला पाण्याचा पाइप, झाडाच्या बुंध्याभोवती बांधलेला ओटा, उभ्या गाड्यांखाली झोपलेली कुत्री, हे सगळे यंत्रावरून दिसत नाही. फेरीतच वाऱ्याची दिशाही पाहून घ्यावी. उन्हाळ्यात नागपुरात बहुधा पश्चिम आणि वायव्येकडून वारा येतो, तेव्हा काम पश्चिमेच्या कडेने सुरू करून पाचोळा पूर्वेकडे लोटत नेणे सोयीचे ठरते. वाऱ्याविरुद्ध झोत मारला की पाने चालकाच्याच अंगावर परत येतात, आणि धूळही.

माणसांपासूनचे अंतर हा नियम सैल करू नये. पाठीवरच्या लहान ब्लोअरसाठीही इतरांना किमान १५ मीटर दूर ठेवावे असे अनेक उत्पादक सांगतात. मोठ्या यंत्रासाठी ते अंतर त्याहून जास्तच हवे. सकाळी फिरायला येणारी मंडळी थांबायला तयार नसतात, हे मान्य. पण त्यांनी थांबावे अशी अपेक्षा करण्यापेक्षा चालकानेच थ्रॉटल कमी करून झोत जमिनीकडे किंवा मोकळ्या बाजूला वळवावा आणि माणूस पुढे गेल्यावर काम पुन्हा सुरू करावे. मोठ्या आवारात एक सहायक पुढे चालत राहिला आणि त्याच्या हातात झेंडी असली, तर हे काम पुष्कळ सोपे होते. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून थांब, कमी कर आणि बंद कर यांच्या हाताच्या खुणा दोघांनी आधीच ठरवून घ्याव्यात.

ताबा आणि उतार

या यंत्रांची दोन मागची चाके बहुतेक वेळा स्वतंत्र हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावरच्या, यंत्रणेवर चालतात. डाव्या आणि उजव्या चाकाचा वेग वेगवेगळा ठेवता येत असल्यामुळे यंत्र जागच्या जागी गोल फिरू शकते. ज्याला मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवण्याची सवय आहे, त्याला सुरुवातीला हे विचित्र वाटते, कारण इथे वेगळा पायब्रेक नसतो. चाकांचा वेग ठरवणारे हातातले दांडे मधल्या स्थितीत आणले की यंत्र थांबते. घाबरून दांडे घट्ट धरून पुढे ढकलले गेले, तर यंत्र थांबण्याऐवजी पळते. म्हणून नव्या चालकाला पहिले दोन दिवस पंखा जोडू न देता, मोकळ्या मैदानात, सर्वांत कमी वेगात फक्त चालवायला द्यावे.

चालक जागेवरून उतरला किंवा फळीवरून पाय काढला की इंजिन बंद पडावे, अशी सुरक्षा यंत्रणा या यंत्रांत असते. वारंवार उतरून फांद्या उचलाव्या लागतात आणि प्रत्येक वेळी इंजिन बंद पडते म्हणून काही जण ती कळ तारेने बांधून ठेवण्याचा जुगाड करतात. असा जुगाड केलेले यंत्र चालवायला कोणी सांगितले, तर नकार देण्याचा चालकाला पूर्ण अधिकार आहे, असे मला वाटते. ती कळ दर आठवड्याला तपासावी: मोकळ्या जागेत, कमी वेगावर, जागा सोडल्यावर इंजिन खरोखर बंद होते का, एवढेच पाहायचे असते.

उताराची मर्यादा प्रत्येक यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि अनेक यंत्रांसाठी ती १५ अंशांच्या आसपास असते. १५ अंश म्हणजे एक मीटर पुढे जाताना सुमारे २७ सेंमी चढ. डोळ्यांना हा उतार फारसा वाटत नाही, त्यामुळे अंदाजावर न जाता एक मीटर लांबीची फळी जमिनीवर ठेवून तिच्यावर मोबाइलमधील पातळी मोजणारे अॅप वापरावे. अंबाझरी किंवा फुटाळ्यासारख्या तलावाच्या काठी, तसेच पायऱ्या, नाले आणि संरक्षक भिंतींच्या कडेला यंत्राच्या रुंदीच्या किमान दुप्पट अंतर सोडावे आणि उरलेला पट्टा हाताने झाडावा. पावसाळ्यात आपल्याकडची काळी माती साबणासारखी निसरडी होते आणि जड यंत्राची चाके तिच्यात रुततात. ओली पाने जमिनीला चिकटतात आणि झोताने नीट हलतही नाहीत. त्या दिवसांत यंत्र बाहेर काढण्यात ना सुरक्षा आहे ना फायदा.

यंत्र टेम्पोत चढवताना आणि उतरवताना ते उलटण्याचा धोका काम करतानापेक्षा जास्त असतो. छोट्या मालवाहू टेम्पोचा हौदा जमिनीपासून ७० सेंमी उंच असेल आणि चढ १५ अंशांत ठेवायचा असेल, तर रॅम्प जवळजवळ २.७ मीटर लांब हवा. घराच्या बांधकामाच्या दोन फळ्या टाकून केलेला रॅम्प इतका लांब नसतो आणि बहुधा घट्ट बांधलेलाही नसतो. रॅम्प हौद्याला साखळीने अडकवावा, टेम्पोची चाके दगडाने अडवावीत आणि रॅम्पवर यंत्र असताना त्याच्या खालच्या बाजूला कोणीही उभे राहू नये.

सागाचे पान आणि दोन जाळ्या

परदेशी उत्पादकांच्या पुस्तिका वाचताना एक गोष्ट लक्षात येते: त्यांच्यासमोर मॅपल आणि ओक यांची पाने असतात. तळहाताएवढे पान जाळीवर बसले तर थोडी जागा अडते; सागाची चार पाने बसली तर जाळी झाकून जाते. अशा वेळी इंजिनावर ताण येतो आणि आवाज जड होतो, असा बहुतेकांचा समज असतो. घडते नेमके उलटे. आत येणारी हवा कमी झाली की पंख्याला ढकलायला हवाच उरत नाही, इंजिनावरचा भार हलका होतो आणि आवाज किंचित चढा, पोकळ येऊ लागतो. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीचे तोंड हाताने झाकले की त्याचा सूर चढतो, तसाच हा प्रकार आहे. झोत मंदावला आणि सूर चढला, की जाळीवर पाने बसली आहेत असे समजावे.

याखेरीज एक दुसरी जाळी असते आणि तिचा विसर अधिक महागात पडतो. ही इंजिने बहुतेक हवेने थंड होणारी असतात, म्हणजे त्यांना मोटारगाडीसारखा पाण्याचा रेडिएटर नसतो. इंजिनावर बसवलेला छोटा पंखा स्वतःच्या जाळीतून हवा ओढून सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पापुद्र्यांवरून नेतो. तिथे पानांचा चुरा आणि धूळ साचली की इंजिन तापते, पण बाहेर झोत पूर्वीइतकाच जोरात चालू राहतो आणि चालकाला काहीच कळत नाही. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत आत येणारी हवाच ४० ते ४५ अंशांची असते, तेव्हा चुकीला जागा फारच कमी उरते. दर वेळी इंधन भरण्यासाठी थांबल्यावर, इंजिन बंद करून, या दोन्ही जाळ्या पाहाव्यात.

‘इंजिन बंद करून’ हे शब्द मी सहज लिहिलेले नाहीत. आमच्या इथे एकदा सहायकाने थ्रॉटल कमी झालेला पाहिला आणि पंखा थांबल्याचे समजून जाळीवरची पाने हाताने काढायला वाकला. उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेल्या दुपट्ट्याचे मोकळे टोक जाळीवर ओढले गेले, आतल्या पात्यांत अडकले आणि दुपट्टा चिरफाळत गेला. जाळी शाबूत होती आणि गाठ सैल होती, म्हणून गेला तो फक्त दुपट्टा. नागपूरच्या उन्हाळ्यात डोके-कान झाकल्याशिवाय बाहेर पडू नये हे खरे. पण या यंत्राजवळ काम करणाऱ्याने दुपट्ट्याऐवजी मानेपर्यंत येणारी कापडी टोपी वापरावी किंवा दुपट्ट्याची टोके सदऱ्याच्या आत खोचावीत. चावी काढल्यानंतरही जड चक्र काही काळ फिरत राहते. ते पूर्ण थांबल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हात पुढे करू नये, आणि जाळी काढून आत हात घालायचा असेल तर इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगची वायरही काढून ठेवावी.

आग आणि इंधन

गरम सायलेन्सर आणि वाळलेली पाने यांचा मेळ काय होतो, हे सांगायला नको. यंत्राच्या सपाट भागांवर, पंखा फिरवणाऱ्या पट्ट्याच्या आच्छादनाखाली आणि सायलेन्सरच्या मागच्या खाचेत पाचोळा साचतो. दिवसाचे काम संपल्यावर, इंजिन थंड झाल्यावर, तो मऊ ब्रशने काढावा. काम चालू असताना विश्रांतीसाठी यंत्र पानांच्या ढिगावर किंवा उंच वाळलेल्या गवतात उभे करू नये. सिमेंटचा किंवा मातीचा मोकळा तुकडा निवडावा. यंत्रावर अग्निशामकाची छोटी नळकांडी बसवलेली असावी आणि तिचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे महिन्यातून एकदा पाहावे.

पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांहून कमी तापमानालाही ठिणगीने पेट घेऊ शकते, त्यामुळे आपल्याकडे वर्षातली कोणतीही वेळ यासाठी सुरक्षित नसते. इंजिन बंद करून किमान दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावरच टाकी उघडावी. पेट्रोल पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत आणू नये. इंधनासाठी बनवलेला डबा आणावा आणि तो भरताना वाहनाच्या हौद्यात न ठेवता जमिनीवर टेकवावा, म्हणजे घर्षणाने साठलेला विद्युतभार जमिनीत निघून जातो. टाकी काठोकाठ भरू नये, कारण उन्हात पेट्रोल प्रसरण पावते.

इंधनाबाबत गेल्या काही वर्षांत एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. भारतात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर आले आणि २०२५ पर्यंत ते सर्वदूर पोचले. बागकामाच्या यंत्रांच्या इंजिनांपैकी पुष्कळांच्या पुस्तिकांत मात्र इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे हवा आणि इंधन मिसळणाऱ्या साध्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडते आणि इंजिन अधिक तापते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. टाकीत बरेच दिवस पडून राहिल्यास पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळे होतात आणि धातूचे भाग गंजतात, रबरी नळ्या फुगतात किंवा तडकतात. यंत्र विकत घेतानाच विक्रेत्याकडून हे इंजिन कोणत्या मिश्रणाला चालते याचे लेखी उत्तर घ्यावे. जुन्या यंत्राच्या बाबतीत करण्यासारखे एवढेच की लागेल तेवढेच पेट्रोल आणावे, ते महिनाभर साठवू नये आणि इंधनाच्या नळ्यांवर नेहमीपेक्षा जास्त लक्ष ठेवावे.

बंद गोदामात इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. शटर अर्धे उघडे आहे, एवढी सबब पुरत नाही.

कान, फुप्फुसे आणि शेजारी

अशा यंत्रावर उभ्या असलेल्या चालकाच्या कानापाशी आवाज १०० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबलला दिवसाचे ८ तास, ९५ डेसिबलला ४ तास आणि १०० डेसिबलला फक्त २ तास अशी मर्यादा आहे. डेसिबलची मोजपट्टी सरळ रेषेत चढत नाही. १० डेसिबलची वाढ म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट. म्हणून कानांत कापूस घालून भागत नाही. कान पूर्ण झाकणारे इअरमफ चालकाने सतत वापरावेत आणि झोताजवळ काम करणाऱ्या सहायकालाही ते द्यावेत. बहिरेपण हळूहळू येते आणि आले की परत जात नाही.

धुळीसाठी कापडी रुमाल पुरेसा नसतो, कारण फुप्फुसात खोलवर जाणारे कण त्याच्या विणीतून आरपार जातात. एन-९५ मास्क नाकावर नीट बसवलेला असावा. त्याहून चांगला उपाय म्हणजे मुळात धूळ न उडवणे. उघड्या मातीवर, बांधकामाच्या कडेला आणि कबुतरांची विष्ठा साचलेल्या गच्ची-पोर्चवर ब्लोअर वापरूच नये. रस्त्यावर पाने हलवायला बहुतेक वेळा अर्धा थ्रॉटल पुरतो. पूर्ण थ्रॉटलने पानांबरोबर रस्त्यावरची सगळी धूळ उठते आणि ती शेजारच्या घरांच्या खिडक्यांवर जाऊन बसते.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि दिवस सकाळी ६ ते रात्री १० असा मोजला जातो. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबलची आहे. योगायोग असा की सागाची पानगळ आणि दहावी-बारावीच्या परीक्षा एकाच वेळी येतात. शाळा-महाविद्यालयांच्या आवारात पेपरच्या दिवशी ब्लोअर बंद ठेवून खराटा काढावा, हे कोणत्याही नियमाशिवाय समजायला हरकत नसावी. उन्हाच्या दृष्टीनेही सकाळी साडेसहा ते दहा हीच कामाची वेळ ठरते. एप्रिलनंतर अकराच्या पुढे तापलेल्या इंजिनाशेजारी उभे राहिलेल्या माणसाला ऊन लागण्याची शक्यता फार मोठी असते, आणि चक्कर आलेल्या चालकाच्या हातात अर्ध्या टनाचे यंत्र असते.

गोळा झालेला पाचोळा जाळू नये. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. सागाचे पान कुजायला वेळ लावते. ढीग करण्यापूर्वी त्यावरून गवत कापायचे यंत्र फिरवून चुरा केला, तर खत लवकर होते.

देखभाल: तासांचा हिशेब

गाडीची देखभाल किलोमीटरवर ठरते, या यंत्राची तासांवर. यंत्रावर तास मोजणारे मीटर असते आणि त्याचा आकडा रोज वहीत लिहून ठेवणे, ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी देखभाल आहे. त्या वहीशिवाय ‘ऑइल मागच्या दिवाळीला बदलले होते’ एवढेच कोणाला तरी आठवते.

रोज सकाळी इंजिन थंड असताना, सपाट जागेवर ऑइलची पातळी पाहावी. उतारावर पाहिलेली पातळी खोटी असते. नव्या इंजिनाचे पहिले ऑइल पाच ते दहा तासांतच बदलावे लागते, कारण घासून निघालेले धातूचे बारीक कण त्यात असतात. त्यानंतरचे अंतर पुस्तिकेनुसार बहुधा ५० ते १०० तासांचे असते आणि धुळीत, कडक उन्हात काम असेल तर खालचा आकडा पाळावा. एअर फिल्टरच्या बाबतीतही तेच. बाहेरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवता येतो, पण आतल्या कागदी फिल्टरवर कॉम्प्रेसरची हवा मारू नये. त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात आणि पुढची सगळी धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. टायर पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानात फिल्टर फुंकून आणण्याची आपल्याकडे सवय आहे, म्हणून हे ठासून लिहितो.

इंपेलरची देखभाल मात्र पुस्तिकेतील एका ओळीपेक्षा जास्त लक्ष मागते. दहा ग्रॅम चिखल एका पात्यावर मध्यापासून २० सेंमी अंतरावर चिकटून बसला आणि चक्र मिनिटाला ३६०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर तो चिखल चक्राला सुमारे २९ किलो वजनाच्या जोराने बाहेर ओढतो, आणि या ओढीची दिशा सेकंदात साठ वेळा गोल फिरते. यातून बेअरिंग खराब होते, बोल्ट सैल पडतात आणि पेटीच्या पत्र्याला जोडापाशी बारीक तडे जातात. फळीवर उभ्या असलेल्या चालकाच्या तळव्यांना हे थरथरणे आधी कळते. थरथर वाढली असे जाणवताच काम थांबवावे, चक्र थांबल्यावर आणि प्लगची वायर काढल्यावर पाती साफ करावीत, प्रत्येक पाते बोटाने चाचपून वाकलेले, तुटलेले किंवा तडा गेलेले आहे का ते पाहावे. वाकलेले पाते हातोडीने सरळ करून किंवा तडा वेल्डिंगने भरून ते चक्र पुन्हा वापरू नये. ताशी ३०० किमी वेगाने फिरणाऱ्या धातूचा तुकडा सुटला, तर पेटीचा पत्रा त्याला अडवेलच असे नाही. चक्र बदलणे महाग पडते, हे खरे आहे.

हायड्रॉलिक नळीतून तेल झिरपत असल्याचा संशय आला, तर हात फिरवून गळती शोधू नये. दाबाखालचे तेल सुईच्या छिद्रातून त्वचेत शिरते, जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि काही तासांत ती बोट कापावे लागण्याइतकी गंभीर होऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा नळीजवळून फिरवावा, तेलाचा डाग त्यावर उमटतो. असे तेल त्वचेत गेल्यास मलम लावत न बसता लगेच रुग्णालयात जावे आणि ‘हायड्रॉलिक तेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

टायरमधली हवा दोन्ही बाजूंना सारखी नसेल, तर यंत्र एका बाजूला ओढते. पट्ट्याचा ताण आणि कडा महिन्यातून एकदा पाहाव्यात. बॅटरी काढताना ऋण टोकाची वायर आधी आणि बसवताना शेवटी. यंत्र धुताना दाबाचे पाणी बेअरिंग, विजेच्या जोडण्या आणि गरम इंजिन यांवर मारू नये. तापलेल्या धातूवर थंड पाणी पडले की तो तडकू शकतो.

जूनमध्ये पाऊस सुरू होण्यापूर्वी यंत्र चार महिन्यांसाठी ठेवायचे असते. त्याआधी टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरमधले इंधन संपेपर्यंत इंजिन मोकळ्या जागेत चालू ठेवावे, ऑइल बदलावे, बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवावी आणि दर महिन्याला ती चार्ज करावी. यंत्र ताडपत्रीत घट्ट गुंडाळले तर आत ओलावा कोंडतो, तेव्हा खालून हवा खेळेल असे झाकावे. पावसाळ्यानंतर पुन्हा सुरू करण्याआधी इंजिनावरचे झाकण काढून आत टॉर्चने पाहावे आणि झोताच्या तोंडातही डोकवावे. आमच्या यंत्रात एका वर्षी कापूस, कागद आणि सुतळी यांचे उंदराचे नीटनेटके घर निघाले होते, नेमके सिलिंडरच्या पापुद्र्यांवर, जिथून थंड हवा जायची असते तिथे.